सटाण्याला मुक्काम

साल्हेरला जाणारा माणूस सटाण्याला थांबत नाही. रात्री नाशिकहून किंवा मुंबईहून निघायचे, पहाटे गडाच्या पायथ्याला गाडी लावायची, दुपारपर्यंत चढून-उतरून घ्यायचे आणि संध्याकाळी परतीच्या रस्त्याला लागायचे, असा त्याचा शिरस्ता. सटाण्यात तो फार तर चहा घेतो, गाडीत डिझेल भरतो. मांगी-तुंगीचा यात्रेकरू बसमधून थेट भिलवाडीला उतरतो. सटाणा या दोघांनाही फक्त खिडकीतून दिसते.

हे बदलायला हवे असे वाटण्याचे एक ताजे कारण आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ले वारसा यादीत घेतले. रायगड, राजगड, शिवनेरी, प्रतापगड, लोहगड, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतला जिंजी आणि बागलाणातला साल्हेर. ज्या यादीत फ्लॉरेन्सचे जुने शहर १९८२ पासून आहे आणि प्राग १९९२ पासून, त्याच यादीत आता सटाण्याच्या, म्हणजे बागलाण तालुक्यातला एक डोंगर आहे. मे-जून आला की मराठी माणूस टूर कंपनीबरोबर त्या शहरांकडे निघतो. तिथे हॉटेलात उतरतो, न्याहारी करतो आणि दिवसभर दगडी गल्ल्यांतून हिंडतो. असा मुक्काम आपल्या बागलाणात करायचा म्हटले तर कसा होईल, हे मांडून पाहू.

युरोपातल्या ऐतिहासिक शहरात एक मोठी सोय असते. फ्लॉरेन्सचे जुने शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी अर्ध्या-पाऊण तासात संपते. चर्च, राजवाडा, पूल, बाजार, सगळे एकमेकांना खेटून. बागलाणचा इतिहास तसा एका तटबंदीत बसलेला नाही. राजधानी मुल्हेरला, युद्धभूमी साल्हेरच्या पायथ्याला, शिल्पे देवळाण्याला, तीर्थक्षेत्र मांगी-तुंगीला आणि जुनी पाणीव्यवस्था मोसम-आरम नद्यांच्या पात्रात. म्हणून इथे हिशेब उलटा करावा लागतो. सबंध तालुका हेच पाहायचे शहर आणि सटाणा ही त्यातली उतरायची गल्ली. नाशिकपासून सुमारे ९० किलोमीटरवर, विंचूर-प्रकाशा महामार्गावर, आरम नदीच्या काठी हे गाव आहे. इथून सकाळी निघून दुपारी खोलीवर परत येता येते आणि उन्हाळ्यात त्याला फार महत्त्व आहे.

बागलाण हे आधी राज्य होते, मग परगणा, मग तालुका. बागूल घराण्याची राजधानी मुल्हेर, म्हणजे जुने मयूरगिरी. याच दरबारात रुद्रकवीने १५९६ मध्ये ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे संस्कृत काव्य रचले. त्यात या घराण्याची वंशगाथा आहे आणि त्याचा आश्रयदाता होता राजा नारायणशाह. एका डोंगरी राज्याला स्वतःचे महाकाव्य लिहवून घ्यावेसे वाटले, यावरून त्याची ऐपत कळते. ही ऐपत आली रस्त्यामुळे. सुरत बंदरातून बऱ्हाणपूरला किंवा दौलताबादेला जाणारा माल याच मुलखातून किंवा त्याच्या कडेने जाई. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने सतराव्या शतकात सुरतेहून दक्षिणेत जाताना केलेल्या मुक्कामांची यादी दिली आहे. तीत नवापूर, पिंपळनेर आणि मोसमकाठचे नामपूर ही गावे ओळखू येतात. त्याच्या आधी, १६१० च्या सुमारास, विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बऱ्हाणपूरकडे गेला. साल्हेर आणि मुल्हेर ही नावे त्याच्या टिपणांत आहेत. तिथे महमुदी नाणी पाडली जातात आणि गडावर जायची वाट अगदी अरुंद आहे, हेही त्याने नोंदवले आहे. आज आपण युरोपात जाऊन जे करतो, तेच हे दोघे चारशे वर्षांपूर्वी इथे करत होते: मुक्काम, भाव, रस्ता, जेवण, सगळे वहीत टिपून ठेवणे.

शाहजहानच्या दरबारातला इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी बागलाणचे वर्णन करताना ९ किल्ले, ३४ परगणे आणि १००१ गावे असा हिशेब देतो. हवा चांगली, ओढे पुष्कळ, झाडे आणि फळे भरपूर, असेही तो सांगतो. ‘ऐन-ए-अकबरी’त बागलाणच्या फळांमध्ये द्राक्षे आणि डाळिंबे यांची नावे आहेत. आज ताहाराबादच्या रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना जे मांडव आणि बागा दिसतात, त्यांना अकबराच्या काळचा दाखला आहे, हे तिथल्या किती बागायतदारांना माहीत असेल कोण जाणे. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेरला वेढा घालून हे राज्य संपवले. शेवटच्या राजाला मोगली कागदांत भेर्जी म्हटले आहे. शरण आल्यावर त्याला सुलतानपूरचा परगणा मिळाला. मोहिमेतल्या मुहम्मद ताहिर या सरदाराचे नाव ताहाराबादला चिकटले, ते आजही एसटीच्या पाटीवर आहे.

आता उन्हाळ्याकडे येऊ, कारण इथेच बहुतेकांचा आक्षेप असतो. एप्रिल-मेमध्ये सटाण्यात पारा चाळिशीला टेकतो. अशा दिवसांत किल्ले बघायला कोण जातो? पावसाळ्यात जावे, हिरवेगार असते, धबधबे असतात, फोटो छान येतात. हे सगळे खरे आहे. पण पावसाळ्यात दिसतो तो डोंगर, किल्ला दिसत नाही. मुल्हेरच्या माचीवर वाड्यांची जोती, पायऱ्या, टाकी, पडके चिरे पसरले आहेत आणि आषाढ लागला की त्यांवर कमरेएवढे गवत उभे राहते. साल्हेरवर तर ढगातून दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. याउलट चैत्र-वैशाखात गवत जळून गेलेले असते, झाडे निष्पर्ण असतात आणि कातळात खोदलेली पायरी, बुरुजाचा वळसा, तटाची रेघ खालूनसुद्धा मोजता येते. नदी आटलेली असते, म्हणून जुन्या बंधाऱ्यांचा पायाही उघडा पडतो. माझे मत सरळ आहे: निसर्ग पाहायचा असेल तर श्रावणात या, माणसांनी काय बांधले ते पाहायचे असेल तर उन्हाळ्यात.

उन्हाचा बंदोबस्त मात्र करावा लागतो. प्रागमध्ये जुलैत रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो. प्रवासी दिवसभर फिरतो आणि जेवण झाल्यावर पुन्हा फिरतो. इथे दिवसाचे दोन तुकडे करायचे. पहाटे चार ते दहा-अकरा हा एक आणि संध्याकाळी पाचनंतरचा दुसरा. मधला वेळ खोलीत, पंख्याखाली किंवा कूलरसमोर. लॉजवर खोली घेताना सगळ्यात वरचा मजला टाळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती ऊब रात्री एकपर्यंत खाली सोडत राहतो. खालच्या मजल्यावरची, पश्चिमेला खिडकी नसलेली खोली मागा. एवढी एक गोष्ट सांभाळली तर दुपारची झोप नीट होते आणि पहाटे उठायला जड जात नाही.

पहिला दिवस मुल्हेरला द्यावा. मोठ्या गडाआधी मुल्हेर पाहिला की साल्हेरचे महत्त्व नीट कळते. मुल्हेर, मोरा आणि हरगड असे तीन डोंगर एकमेकांना लागून आहेत. मधल्या मुल्हेरच्या माचीवर गणपतीचे देऊळ, तळे आणि सोमेश्वराचे मंदिर आहे. झाडीतून वर चढताना दरवाज्यामागून दरवाजा लागतो. राजधानी इतकी आत, इतक्या आडोशाला का, हे चढताना पायांनाच समजते. रस्त्यावरून जकात घ्यायची तर रस्त्याजवळ राहावे लागते आणि रस्त्याने फौज आली तर तिच्या हाती लागायचे नसते. मुल्हेर दोन्ही साधतो. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाची या भागातली अखेरसुद्धा याच गडावर झाली. जुलै १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. खाली गावात उद्धव महाराजांची समाधी आहे. तिथला कोजागरीच्या रात्रीचा रासक्रीडा उत्सव पाहायला लोक लांबून येतात. तो उन्हाळ्यात मिळणार नाही, त्यासाठी वेगळी खेप करावी.

दुसरा दिवस साल्हेरचा. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत याहून उंच एकच शिखर, १६४६ मीटरचे कळसूबाई. साल्हेरचा माथा सटाण्याहून सुमारे एक हजार मीटर वर आहे. हवा दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे गावात चाळीस असताना वर तेहतीस-चौतीस. युरोपातला माणूस गारव्यासाठी डोंगरात जातो, आपण महाबळेश्वरला जातो. बागलाणच्या राजांचे थंड हवेचे ठिकाण त्यांच्या किल्ल्यावरच होते. पण वर पोहोचेपर्यंत काळा कातळ तापता कामा नये. वाघांब्याच्या बाजूने चढलात तर तीन तास तरी धरा. साल्हेर आणि सालोटा यांच्या मधल्या खिंडीत उजाडायला हवे. मग कातळात खोदलेल्या पायऱ्या, एकामागून एक दरवाजे, गुहा, पुढे गंगासागर तलाव आणि सगळ्यात वर परशुरामाचे छोटे देऊळ. परशुरामाने इथूनच बाण मारून समुद्र हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा आहे. समुद्र इथून दिसत नाही, पण पश्चिमेला गुजरातचा डांग पसरलेला दिसतो. पूर्वेकडे मुल्हेर, हरगड, मांगी-तुंगीचे जुळे सुळके, दक्षिणेला धोडप आणि सप्तशृंगीची रांग.

या माथ्यावर बसूनच १६७२ ची लढाई समजून घ्यावी. १६७० च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत घेतली. परतताना वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली आणि १६७१ च्या सुरुवातीला साल्हेर स्वराज्यात आला. सुरतेच्या रस्त्यावरचे हे नाके मोगलांना सोडवत नव्हते. त्यांनी गडाला वेढा घातला. वेढा मोडायला एका बाजूने सरनौबत प्रतापराव गुजर आणि दुसऱ्या बाजूने मोरोपंत पिंगळे आले. गडाखालच्या मोकळ्या मैदानात मराठी फौजेने मोगलांशी समोरासमोर लढाई दिली आणि जिंकली. गनिमी काव्याच्या नावावर सगळे विजय जमा करणाऱ्यांनी हा अपवाद ध्यानात ठेवावा. मराठी सरदार सूर्यराव काकडे इथेच जंबुऱ्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून पडले. सभासदाच्या बखरीत या लढाईचे रसरशीत वर्णन आहे, ते वाचून मगच वर जा. खालच्या मैदानाकडे पाहताना घोडदळाला किती जागा लागते आणि इथे ती कशी मिळते, हे नकाशापेक्षा चांगले कळते.

तिसऱ्या दिवशी मांगी-तुंगी. तिथे जागा थोडी, माणसे जास्त. जैनांचे हे सिद्धक्षेत्र. डोंगरावर तीर्थंकरांच्या गुहा आहेत. गणिनी ज्ञानमती माताजींच्या प्रेरणेने कातळात कोरलेली ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये प्रतिष्ठित झाली. सकाळी लवकर गेलात तर पायऱ्यांवर सावली असते. पायथ्याच्या धर्मशाळेत राहणार असाल तर कांदा-लसणाशिवायचे जेवण सूर्यास्ताआधी आटोपायची तयारी ठेवा. देवळाण्याचे जोगेश्वर मंदिर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे. यादवकालीन धाटणीचे, काळ्या दगडाचे, बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आणि मैथुनशिल्पे. त्याला नाशिकचे खजुराहो म्हणतात. हे असे म्हणणे मला आवडत नाही. देवळाण्याला त्याचे नाव पुरे आहे.

आता अशी एक गोष्ट, जी कोणत्याच सहलीच्या पत्रकात नसते आणि माझ्या मते या तालुक्यातली सर्वांत मोलाची आहे. मोसम आणि आरम नद्यांवर, तसेच शेजारी धुळ्यात पांझरेवर, दगडी बंधाऱ्यांची एक साखळी आहे. तिच्यावर चालणाऱ्या पाणीवाटपाला फड पद्धत म्हणतात. निदान तीन-चारशे वर्षे ती चालत आली. नदीवर ठेंगणा बंधारा घालायचा आणि वरच्या अंगाला पाट काढायचा. पाणी जमिनीच्या उताराने, पंप-मोटारीशिवाय शेतात जाते. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सबंध क्षेत्राला थळ म्हणतात. थळाचे तीन-चार भाग पाडतात, ते फड. मुख्य गोम पुढे आहे: एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. यंदा या फडात ऊस, त्यात गहू, पलीकडे आणखी काही आणि पुढच्या वर्षी अदलाबदल. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्याने नफा-तोटा कुणा एकाच्या वाट्याला येत नाही. सगळ्या फडाला एकाच वेळी, एकाच मापाने पाणी लागते, त्यामुळे भांडण कमी आणि नासाडीही कमी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, देखरेखीला हवालदार, आणि त्यांची मजुरी गावाने द्यायची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा, पण सगळ्यांचाच.

नेदरलँड्समध्ये पाण्याचा बंदोबस्त करणाऱ्या शेकडो वर्षे जुन्या स्थानिक मंडळांचे आपल्याकडे कौतुकाने दाखले देतात. ते द्यायला हरकत नाही, पण त्याच तोडीची रचना मोसमकाठी आहे हे सांगायचे राहून जाते. वर हरणबारी आणि केळझर ही धरणे झाली, विहिरींवर मोटारी आल्या, डाळिंब-द्राक्षाला ठिबक आले, ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या नळीत गेले. फड बऱ्याच ठिकाणी नावापुरता उरला. पण बंधारे आहेत. उन्हाळ्यात पात्र कोरडे असते, उतरून त्यांच्या अंगाला हात लावता येतो, चिरे कसे बसवलेत, पाटाचे तोंड किती उंचीवर ठेवले, ते बघता येते. एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला “बाबा, आपला फड कोणता?” एवढे विचारा. पुढचा तासभर तुम्हाला बोलावे लागणार नाही.

संध्याकाळी सटाण्यात परत आल्यावर पाहायचे ते देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे मंदिर. यशवंतराव महादेव भोसेकर हे इंग्रज सरकारच्या नोकरीतले मामलेदार, १८६९ च्या सुमारास सटाण्याला आले. १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिन्यातले सव्वा लाखावर रुपये रयतेला वाटले आणि तपासणी झाली तेव्हा तिजोरी जशीच्या तशी भरलेली निघाली, अशी श्रद्धा आहे. १८८७ मध्ये नाशिकला त्यांचे निधन झाले. मार्गशीर्ष वद्य एकादशीला त्यांचा रथ निघतो, मोठी यात्रा भरते. युरोपात गावोगाव संतांची चर्च आहेत, सेनापतींचे पुतळे आहेत. महसूल खात्याच्या अधिकाऱ्याला लोकांनी देवळात बसवल्याचे उदाहरण तिथे शोधून सापडायला कठीण. तिजोरीच्या चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. दुष्काळात सरकारी पैसा सरकारला न विचारता वाटणारा अधिकारी लोक दीडशे वर्षे विसरले नाहीत, हे मात्र डोळ्यांनी दिसते.

उन्हाळ्याचा आणखी एक फायदा पोटाचा. एप्रिल-मेमध्ये अक्षय्य तृतीया येते, बागलाण-खानदेशातली आखाजी. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी अहिराणीत म्हणतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. त्या दिवशी खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. खापर म्हणजे चुलीवर पालथे घातलेले मातीचे भांडे. त्यावर हाताने वाढवत वाढवत टाकलेली पोळी रुमालासारखी पातळ होते. ती हॉटेलात क्वचित मिळते, कुणाच्या घरी बोलावणे आले तर नाही म्हणू नका. एरवी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी कुठेही मिळेल. तिखट कमी करायला आधीच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. सकाळी बाजार समितीत उन्हाळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, तीही बघण्यासारखी.

व्हेनिसने २०२४ मध्ये गर्दीच्या दिवशी फक्त दिवसापुरते येणाऱ्या पाहुण्यांवर पाच युरोंचा कर बसवला. रात्री हॉटेलात राहणाऱ्याला तो माफ आहे, कारण मुक्कामाचा कर तो हॉटेलात भरतच असतो. दिवसापुरता येणारा कचरा टाकून जातो आणि गावाला त्याच्यापासून फारसे काही मिळत नाही, हा त्यामागचा अनुभव. साल्हेरचे नाव यादीत आल्यावर गाड्या वाढणार आहेत. वाघांबे-साल्हेरवाडीच्या लोकांच्या वाट्याला बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्याच यायच्या नसतील, तर पाहुणा रात्री तालुक्यात राहिला पाहिजे. इथल्या वाटाड्याला पैसे मिळाले पाहिजेत, इथल्या खानावळीत तो जेवला पाहिजे. साल्हेर राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यात आहे. त्या विभागाने, नगर परिषदेने आणि एसटीने मिळून सटाणा स्थानकावर एक मोठा नकाशा लावला आणि पहाटेची एक गाडी साल्हेरपर्यंत सोडली, तरी पुष्कळ काम होईल. त्याला मोठा निधी लागत नाही.

तोवर आपण जाऊ शकतो. तीन रात्रींची सवड काढा. टोपी, माणशी चार लिटर पाणी आणि मिठा-साखरेची पुडी बरोबर ठेवा. गडावरच्या टाक्यातले पाणी उन्हाळ्यात गाळून-उकळूनच घ्या. वाघांब्यातून गावचा वाटाड्या सोबत घ्या, अकराच्या आत खाली उतरा आणि रिकाम्या बाटल्या परत सटाण्याला आणा.